बेट्सी रॉसचा ‘पहिला झेंडा’: घरातली गोष्ट आणि दप्तरातली नोंद

‘१७७६ साली जॉर्ज वॉशिंग्टन फिलाडेल्फियातल्या बेट्सी रॉसकडे आले आणि तिने अमेरिकेचा पहिला झेंडा शिवला’ ही गोष्ट अजून फिरते. ती चारचौघांत आली ती मात्र १८७० साली. बेट्सीचा नातू विल्यम कॅन्बी याने ती पेनसिल्व्हेनियाच्या हिस्टॉरिकल सोसायटीत वाचून दाखवली. आजी १८३६ मध्ये वारली तेव्हा हा जेमतेम ११ वर्षांचा! मग घरातल्या बायकांनी शपथपत्रं दिली. मनापासूनच दिली असतील, पण सगळी ‘तिच्या तोंडून ऐकलं’ याच आधारावरची. वॉशिंग्टन भेटीचा त्या काळातला एकही कागद सापडलेला नाही.

मग बेट्सीच खोटी? छे! पेनसिल्व्हेनियाच्या आरमार मंडळाच्या दप्तरात २९ मे १७७७ ची नोंद आहे: जहाजांचे झेंडे शिवल्याबद्दल एलिझाबेथ (म्हणजेच बेट्सी) रॉसला १४ पौंड, १२ शिलिंग, २ पेन्स. म्हणजे बाई झेंडे शिवत होती, हे पक्कं. झेंड्याच्या रचनेवर हक्क सांगितला तो अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या फ्रान्सिस हॉपकिन्सनने. १७८० मध्ये त्याने अमेरिकी काँग्रेसकडे (तिथल्या प्रतिनिधी सभेकडे) मोबदला म्हणून वाइनचं पिंप मागितलं. तेही मिळालं नाही.