स्पीड पूर्ण, तरी नेट स्लो: एका जुन्या दुखण्याची पार्श्वभूमी

घरात नेट रखडलं की हल्ली आधी स्पीड टेस्ट होते. शंभर एमबीपीएसचा प्लॅन, टेस्टमध्ये ९४ दिसतात, आणि तरीही व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा थिजलेला. कस्टमर केअरला फोन लावावा तर ‘सर, आमच्याकडून स्पीड पूर्ण येतोय’. बहुतेक वेळा ते खोटंही नसतं. वेग वेगळा आणि दिरंगाई (लेटन्सी, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ) वेगळी, एवढी साधी गोष्ट घरातल्या मॉडेम-राउटरच्या डब्यापर्यंत पोहोचायला तीसेक वर्षं लागली. अनेक घरांत ती अजूनही पोहोचलेली नाही.

दिरंगाई मोजायचं साधन तसं जुनं आहे. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीतल्या माइक मूस यांनी डिसेंबर १९८३मध्ये ‘पिंग’ हा प्रोग्राम लिहिला. एक छोटं पाकीट (पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा) पाठवायचं, उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजायचं. काम तेवढंच, पण आजही कुठलाही तंत्रज्ञ सुरुवात तिथूनच करतो.

खरा धक्का बसला तो ऑक्टोबर १९८६मध्ये. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्डांचं. त्या दुव्यावरचा वेग ३२ केबीपीएसवरून (सेकंदाला ३२ हजार बिट्स) घसरला तो थेट ४० बिट्स प्रति सेकंदावर. तार तुटली नव्हती, यंत्रंही चालू होती. पाकिटं गळत होती, पाठवणारे तीच पुन्हा पाठवत होते, त्यामुळे गर्दी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८च्या निबंधात त्यावर तोडगा मांडला. पाकीट गळालं की पुढे गर्दी आहे असं समजायचं आणि हात आखडता घ्यायचा. टीसीपीला, म्हणजे पाकिटं पाठवण्याच्या नियमसंचाला, ही शिस्त लागली आणि इंटरनेट वाचलं. मात्र यात एक अट दडलेली होती. पाकीट वेळेवर गळालं पाहिजे, नाहीतर पाठवणाऱ्याला गर्दी झाल्याचं कळणारच नाही.

आपल्याकडे घरगुती इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ला, सरकारी व्हीएसएनएलच्या डायल-अपवर, म्हणजे फोन लावून जोडायच्या नेटवर. त्या काळात निदान करायला फार अक्कल लागत नसे. मॉडेमची किरकिर, मध्येच कुणीतरी उचललेला फोन, पावसाळ्यात लाइनीवरची खरखर. पुढे एडीएसएल, म्हणजे फोनच्याच तारेवरचं ब्रॉडबँड, आलं तेव्हाही रिसीव्हर कानाला लावून खरखर ऐकणं ही पहिली तपासणी होती, आणि ती वाईटही नव्हती. लाइन खराब असेल तर मॉडेमच्या पानावरचा नॉइज मार्जिनचा (सिग्नल खरखरीला किती पुरून उरतो त्याचा) आकडा तेच सांगायचा.

सरकारी व्याख्येतल्या ब्रॉडबँडला मात्र एकच माप होतं, डाउनलोडचा किमान वेग. २००४च्या धोरणात २५६ केबीपीएस, २०१३मध्ये ५१२ केबीपीएस, २०२३मध्ये २ एमबीपीएस. जाहिरातीही त्याच आकड्यावर चालल्या. वेग एका आकड्यात विकता येतो, दिरंगाई समजावून सांगावी लागते. स्टुअर्ट चेशायर यांनी १९९६मध्येच एका फटकळ टिपणात बजावलं होतं की वेग पैसे टाकून वाढवता येतो, पण एकदा दिरंगाई शिरली की ती नुसत्या पैशानं निघत नाही. फार थोड्यांनी ते मनावर घेतलं.

दरम्यान मेमरी स्वस्त झाली. पाकीट गळणं म्हणजे दोष, असा समज उपकरणं बनवणाऱ्यांत पक्का होता. त्यामुळे मॉडेम-राउटरमध्ये ऐसपैस बफर, म्हणजे पाकिटं थांबवून ठेवायच्या जागा, भरले गेले. हिशेब मांडून पाहा. अपलोड २५६ केबीपीएसचा (किलोबिट्स) आणि मॉडेममधला बफर २५६ केबीचा (किलोबाइट्स, आणि एका बाइटमध्ये आठ बिट्स). तो काठोकाठ भरला की रिकामा व्हायला आठ सेकंद लागतात. घरातल्या एकाने फोटो अपलोडला लावले की दुसऱ्याच्या प्रत्येक क्लिकचं पाकीट त्या आठ सेकंदांच्या रांगेत शेवटी उभं. तिकीट खिडकीवर नुसतं ‘गाडी कितीला?’ विचारायला आलेल्यालाही शंभर जणांमागे उभं करावं, तसं. शिवाय पाकीट गळतच नाही, म्हणून टीसीपी खुशाल आणखी माल ढकलत राहतो. जेकबसन यांचा उपाय इथेच निकामी होतो.

हे दुखणं पकडलं जिम गेटीस यांनी. एक्स विंडो सिस्टिमच्या मूळ कर्त्यांपैकी एक, एचटीटीपीच्या प्रमाणावर काम केलेले, २०१०मध्ये बेल लॅब्जमध्ये होते. इतक्या जाणत्या माणसाच्या घरातही मुलं ‘आज नेट स्लो आहे’ म्हणत, आणि तपासायला जावं तोवर सगळं सुरळीत झालेलं असे. मग घरून मोठ्या फायली पाठवताना त्यांनी सतत पिंग चालू ठेवला. जिथे उत्तर दहाएक मिलिसेकंदांत यायला हवं, तिथे ते सेकंदाहून अधिक घेत होतं. अपलोड थांबवला की दुखणं गायब. मुलांची तक्रार पकडीत का येत नव्हती ते तेव्हा उलगडलं. गेटीस यांनी त्याला ‘बफरब्लोट’ असं नाव दिलं. डेव्हिड रीड यांनी २००९मध्येच मोबाइल नेटवर्कवर असलंच काही पाहिलं होतं, पण नाव मिळाल्यावर दुखण्याकडे लक्ष गेलं.

पुढची दोन वर्षं भराभर गेली. कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन (पुन्हा तेच!) यांनी २०१२मध्ये ‘कोडेल’ मांडला. रांग किती लांब आहे हे न पाहता पाकीट रांगेत किती वेळ अडकलं ते मोजायचं. शंभर मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही ही थांबण्याची वेळ पाच मिलिसेकंदांच्या खाली आली नाही, तर पाकीट टाकायला सुरुवात करायची. त्याच वर्षी ‘एफक्यू-कोडेल’ लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आला. त्यात प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी, त्यामुळे एकाच्या अपलोडमागे दुसऱ्याचा कॉल अडत नाही. डेव्ह टाट आणि त्यांच्या स्वयंसेवकांनी हे सगळं स्वस्त राउटरवर चालवून दाखवलं, आणि माझ्या मते या कथेतलं सर्वांत कमी कौतुक झालेलं काम तेच आहे. टाट २०२५मध्ये गेले.

तोवर घरात अडथळ्याची जागाही बदलली होती. फायबर आला, तार मोकळी झाली आणि गर्दी वाय-फायमध्ये सरकली. आपल्याकडे वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५मध्ये परवानामुक्त झाला. आज एखाद्या सोसायटीत फोनवर नेटवर्कची यादी उघडा, शेजाऱ्यापाजाऱ्यांची वीस-पंचवीस नावं सहज दिसतील. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यातच मायक्रोवेव्हही लुडबुडतो. शिवाय लांबच्या खोलीतला एक जुना फोन हळू बोलतो आणि हवेतला वेळ खातो, त्यामुळे जवळचा नवा लॅपटॉपही रखडतो. यावरचा नेमका उपाय टोके हॉइलंड-योर्गेनसेन, टाट आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये लिनक्सच्या वाय-फाय ड्रायव्हरसाठी मांडला.

म्हणून घरी तपासायचं तर क्रम असा लावावा. आधी लॅपटॉप केबलनं राउटरला जोडून पिंग पाहायचा. तो स्थिर असेल आणि वाय-फायवर उड्या मारत असेल तर दोष हवेतला. केबलवर शांत आहे, पण मोठी फाइल अपलोडला लावताच पिंग वीस मिलिसेकंदांवरून दोनशेवर जातो, तर तो बफरब्लोट. आणि २०० एमबीपीएसचा प्लॅन असून केबलवर टेस्ट ९४च्या आसपास अडून बसत असेल तर कंपनीशी भांडण्याआधी राउटरचं पोर्ट बघावं. ते शंभर एमबीपीएसवालं असतं, नाहीतर केबलच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटलेली असते.

स्पीड टेस्टवाल्यांनाही हे उशिरा सुचलं. अ‍ॅपलनं २०२१मध्ये मॅकमध्ये एक आज्ञा दिली. ती लाइन भरलेली असताना मिनिटाला किती फेऱ्या पूर्ण होतात ते मोजते. त्या मोजमापाच्या प्रमाणाचा मसुदा लिहिणाऱ्यांत चेशायर आहेत. आता इतर टेस्टमध्येही ‘लोडेड लेटन्सी’ दिसते, पण मोठ्या आकड्याखाली, बारीक अक्षरांत. कंपनीनं बसवलेल्या बहुतेक डब्यांमध्ये रांग आवरण्याची सेटिंग ग्राहकाच्या हातात नसते. मग मागे स्वतःचा ओपनडब्ल्यूआरटीवाला (राउटरसाठीची मुक्त, लिनक्सवर आधारित प्रणाली) राउटर लावायचा, त्यात एसक्यूएम, म्हणजे रांग आवरणारी सोय, चालू करून वेगाची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या थोडी खाली ठेवायची, म्हणजे रांग कंपनीच्या डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते. त्यात टेस्टमधला आकडा पाच-दहा टक्क्यांनी घटतो, आणि घरच्यांना नेमकं तेच पटवणं अवघड जातं.