दोन आणि तीनमधले तीस मैल

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात न्यूयॉर्कच्या सीमेपासून बॉस्टनपर्यंत सुमारे १३८ मैलांचा एक टोल महामार्ग जातो. त्याला तिथले लोक 'मास पाइक' म्हणतात. राज्याच्या पश्चिम भागातील बर्कशायरच्या डोंगरांत, ली या गावापाशी, या रस्त्यावर २ क्रमांकाची एक्झिट होती आणि तिच्यानंतरची ३ क्रमांकाची एक्झिट वेस्टफिल्डजवळ होती. आकडे लागोपाठचे असले तरी त्या दोहोंमध्ये सुमारे ३० मैलांचा, म्हणजे ४८ किलोमीटरचा रस्ता होता आणि मध्ये महामार्ग सोडायला एकही वाट नव्हती. लीपाशी वळायचे राहून गेलेल्या नवख्या चालकाला पाटीवरचा '२' हा आकडा याची काहीही कल्पना देत नव्हता.

यात चूक कोणाची नव्हती. १९५७ मध्ये महामार्ग सुरू झाला तेव्हा पंगतीत बसलेली पाने मोजावीत तशा एक्झिट पश्चिमेकडून मोजल्या गेल्या. अशा क्रमांकावरून कोण आधी आणि कोण नंतर एवढेच कळते. दोघांमध्ये किती अंतर आहे, हे कळत नाही. स्टॅन्ली स्मिथ स्टीव्हन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये मोजमापाच्या पट्ट्यांचे जे प्रसिद्ध वर्गीकरण मांडले, त्यात हा भेद स्पष्ट केलेला आहे. शर्यतीतला पहिला, दुसरा, तिसरा हे क्रमवाचक आकडे होत आणि त्यांची वजाबाकी करण्यात अर्थ नसतो. तापमापकावरचे अंश मात्र अंतरवाचक असतात, म्हणून २० आणि ३० अंशांमधला फरक ३० आणि ४० अंशांमधल्या फरकाइतकाच भरतो.

क्रमवाचक आकड्यांची दुसरी अडचण अशी की १० आणि ११ यांच्या मध्ये एखादी नवी एक्झिट बांधली, तर तिला द्यायला पूर्णांकच उरत नाही. म्हणूनच मास पाइकवर १०, १०ए, ११, ११ए, १२ अशी मालिका तयार झाली होती.

रस्त्यांवरील चिन्हांविषयीच्या अमेरिकेच्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेने २००९ च्या आवृत्तीत मैलांवर आधारलेले, म्हणजे मोजणीच्या सुरुवातीपासून एक्झिट जितक्या मैलांवर आहे तोच आकडा तिला देणारे, क्रमांक बंधनकारक केले. बहुतेक राज्ये तोवर त्या पद्धतीवर आलेली होती. मॅसॅच्युसेट्सने ऑक्टोबर २०२० मध्ये पाट्या बदलायला सुरुवात केली आणि वरची मालिका ९०, ९४, ९६, १०६, १११ अशी झाली. आता ९० पासून १११ पर्यंत २१ मैल जायचे आहे, हे गाडी चालवता चालवता मनातल्या मनात करता येते. ली १० झाले आणि वेस्टफिल्ड ४१, त्यामुळे डोंगरातला तो लांब टप्पा प्रथमच आकड्यांत दिसू लागला. वजाबाकी ३१ येते, कारण क्रमांक पूर्ण मैलात द्यायचा असतो आणि त्यात एखाद्या मैलाची तफावत राहते.

मोजायचे कुठून, हा प्रश्न मात्र उरतो. सर्वसाधारण संकेत असा की दक्षिणोत्तर रस्ता राज्याच्या दक्षिण सीमेपासून आणि पूर्वपश्चिम रस्ता पश्चिम सीमेपासून मोजावा. केप कॉड या समुद्रात शिरलेल्या भूभागावरचा ६ क्रमांकाचा रस्ता ऱ्होड आयलंडच्या सीमेवर, सीकाँक गावी, राज्यात शिरतो. साहजिकच केपवर पाऊल टाकताच पहिलीच एक्झिट ५५ क्रमांकाची लागते आणि हायनिस गावाकडे जाणारी जुन्या ६ क्रमांकाची एक्झिट ६८ होते. तिथल्या रहिवाशांना हे आकडे परके वाटले आणि त्यांची नाराजी मला पूर्णपणे समजण्यासारखी वाटते, कारण त्यांच्या दृष्टीने रस्ता केपवर आणणाऱ्या पुलापाशी सुरू होतो. तरीही शून्य कुठेही धरले तरी ६८ आणि ७२ या एक्झिटांमधले चार मैल चारच राहतात. सेल्सिअस आणि केल्विन यांचे शून्य वेगळे असूनही तापमानातला फरक तोच राहतो, तसेच हे आहे.

आपल्याकडे २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले आणि मुंबई-बेंगळुरू रस्ता ४८ क्रमांकात गेला, तरी पुण्या-साताऱ्याकडे आजही 'एनएच फोर' ऐकू येते. जिभेवर बसलेला आकडा हा पत्ताच झालेला असतो. मॅसॅच्युसेट्सने हे ओळखले आणि नव्या हिरव्या पाट्यांच्या सोबतीला जुना क्रमांक सांगणाऱ्या छोट्या पिवळ्या पाट्या किमान दोन वर्षे ठेवल्या. माझ्या मते साऱ्या बदलात सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच होती.

मैल हे एकक मोकळ्या रस्त्यावर पुरेसे असले तरी शहरात ते भरड ठरते. कॅन्सस सिटीच्या मध्यवर्ती भागाला वेढणाऱ्या महामार्गावर इतक्या एक्झिट दाटीने आहेत की त्यांना २ए पासून २वायपर्यंत अक्षरे लावावी लागली. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल कनेक्टरसारख्या काही आखूड रस्त्यांवर याच दाटीमुळे क्रमांक बदललेच नाहीत आणि तिथे आजही जुन्या पद्धतीने एक, दोन, तीन अशी मोजणी चालते.