पटावरच्या दाण्यांची संख्या आली कुठून?

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टरही झाली. बुद्धिबळाचा विषय निघाला की गव्हाच्या दाण्यांची गोष्टही निघतेच: पहिल्या घरात एक दाणा, मग दर घरी दुप्पट. चौसष्ट घरांची बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅम धरले, तर हा गहू साधारण ७.३८ लाख कोटी क्विंटल भरतो. नागपूरच्या कळमना बाजाराचे सोडा, आजच्या वेगाने साऱ्या जगाला तो पिकवायला नऊशेहून अधिक वर्षे लागतील. पण या संख्येचे खरे मोल वजनात नाही, ती काढण्याच्या रीतीत आहे.

राजाकडे दाणे मागणाऱ्या सिस्साची गोष्ट तेराव्या शतकात इब्न खल्लिकान या चरित्रकाराने नोंदवली. संख्या त्याहून जुनी. इ.स. १०००च्या सुमारास अल-बिरुनी या विद्वानाने ती अचूक दिली, आणि चौसष्ट वेळा दुप्पट न करता. दुसऱ्या घरातल्या २ चा वर्ग केला की तिसऱ्या घरातले ४ मिळतात, त्याचा वर्ग पाचव्यातले १६. पुढे नववे घर २५६, सतरावे ६५,५३६, तेहेतिसावे ४,२९,४९,६७,२९६. आणखी एक वर्ग केला की पासष्टावे घर येते. ते पटावर नाही, पण त्यातून १ वजा केला की चौसष्ट घरांची बेरीज हाती येते. सहा वर्ग, एक वजाबाकी.

आपल्याकडे हीच युक्ती पिंगलाच्या छंदःशास्त्रात, म्हणजे वृत्तांवरच्या प्राचीन ग्रंथात, दिसते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ.स. ११५०) गुणोत्तर श्रेढीसाठी (दर पद आधीच्याच्या ठरावीक पट असलेल्या मालिकेसाठी) ती नियम म्हणून दिली: पदसंख्या सम असेल तर निम्मी करून ‘वर्ग’ मांडा, विषम असेल तर एक वजा करून ‘गुणक’ मांडा, मग शेवटाकडून उलटे येत तसे वर्ग आणि गुणाकार करा. गंमत म्हणजे त्यांची स्थाननामे (एकं, दहं अशी अंकांच्या जागांची नावे) परार्धापाशी, म्हणजे अठराव्या स्थानावर थांबतात. आपली संख्या वीस अंकी, १८४ परार्धांच्या वर.

वर्गांची ही साखळी अवयवांतही दिसते. वर्गातून १ वजा केला की (अ − १)(अ + १) असे दोन तुकडे पडतात. हे पुन्हा पुन्हा केले की उरते ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७. पहिले पाच मूळ संख्या आहेत, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज त्यांना अवयव नाहीत. साखळीतल्या संख्येत १ मिळवून येणारे असे सगळेच आकडे मूळ असावेत, असे गणितज्ञ फर्माला १६४० मध्ये वाटले. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने सहावा फोडला: ६४१ × ६७,००,४१७. पुढे त्याने दाखवले की याचा अवयव ६४क + १ (क ही पूर्ण संख्या) याच रूपाचा हवा. त्यामुळे १९३, २५७, ४४९, ५७७ तपासले की पाचवा मूळ उमेदवार थेट ६४१ येतो. इतकी कमी मेहनत आणि इतका मोठा अंदाज कोसळला!

छापील मजकुरात ही संख्या बऱ्याचदा चुकते. स्प्रेडशीट डावीकडचे पंधराच सार्थ अंक ठेवते, म्हणून शेवटी ०९६००००० असे दिसते. शिवाय तिथली ५३ बिटांची (५३ द्विमान अंकांची) अचूकता पुरत नाही, आणि वजा केलेला १ गिळला जातो. पडताळणी कागदावर होते: शेवटी ५ हवा, कारण २ चे घात २, ४, ८, ६ असे फिरतात आणि चौसष्टावा ६ वर संपतो. अंकांची बेरीज ८७ हवी. तिला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. वरच्या अवयवांतही ३ एकदाच आहे.