अनोळखी गिऱ्हाईक आणि रिव्ह्यूचं अर्थशास्त्र

1757 ते 1795 या काळात लंडनमध्ये जवळपास दरवर्षी एक छोटेखानी पुस्तिका निघत असे. कॉव्हेंट गार्डन भागात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची नावं, पत्ते, दर आणि रूप-स्वभावाचं वर्णन तिच्यात असे. लिहिणारे पुरुष आणि वाचणारेही पुरुषच. 1999 साली ब्रिटनमध्ये 'पंटरनेट' आणि अमेरिकेत 'द इरॉटिक रिव्ह्यू' ही गिऱ्हाइकांनी अशा स्त्रियांचे रिव्ह्यू लिहायची संकेतस्थळं सुरू झाली, तेव्हा हाच प्रकार इंटरनेटवर आला.

अनोळखी माणसाच्या चार ओळींवर गिऱ्हाईक इतका विसंबतो, याचं कारण अर्थशास्त्रात सापडतं. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी 1970 साली दाखवलं की मालाचा दर्जा आधी कळत नसेल तर खरेदीदार सगळ्यांवरच संशय घेतो, भाव पडतो आणि चांगले विक्रेते बाजार सोडतात. या व्यवसायात हा संशय कितीतरी मोठा असतो. फोटो खरा आहे का, आपल्याला लुबाडणार तर नाहीत ना, छापा पडेल का, हे काहीच ठाऊक नसतं. पावती मिळत नाही, ग्राहक मंचात जाता येत नाही. मग उरतं ते नाव. नावाची किंमत किती, हे 'ईबे' या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावरच्या एका प्रयोगात मोजलं गेलं. एकाच विक्रेत्याने जुनी पोस्टकार्डं आपल्या नावाजलेल्या खात्यावरून आणि नव्या कोऱ्या खात्यांवरूनही विकली. नावाजलेल्या खात्याला सुमारे 8 टक्के जास्त भाव मिळाला.

पण रेटिंगवर डोळे झाकून विश्वास ठेवण्यासारखं नाही. 2013 साली 'सायन्स' या शोधपत्रिकेत आलेल्या एका प्रयोगात संशोधकांनी बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या काही प्रतिक्रियांना मुद्दाम एकच खोटी पसंती दिली. त्यांचा अंतिम गुणांक सरासरी 25 टक्क्यांनी फुगला. पहिल्याचं मत पुढच्यांना ओढत नेतं. देहविक्रयाच्या रिव्ह्यूंमध्ये तर फुशारकीही मिसळलेली असते, कारण ते इतर पुरुषांनी वाचावेत म्हणूनच लिहिलेले असतात.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट याच्या पुढची आहे. गिऱ्हाइकाला पैसे वाया जाण्याची भीती असते, बाईला जिवाची. आणि रिव्ह्यू लिहिण्याचा अधिकार मात्र गिऱ्हाइकाकडे. 'कंडोम नको, नाहीतर वाईट लिहीन' अशी धमकी दिली जाते, असं सेक्स वर्कर सांगत आल्या आहेत. वर्षानुवर्षं कमावलेलं नाव दुसऱ्याच्या संकेतस्थळावर अडकलेलं असतं, त्यामुळे ती सहज बाहेरही पडू शकत नाही.

म्हणून या स्त्रियांनी उलट्या दिशेची यादी तयार केली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात 1980च्या दशकात सेक्स वर्करांच्या संघटनेने हिंसक गिऱ्हाइकांची वर्णनं एकमेकींना कळवायला सुरुवात केली. ती 'अग्ली मग्ज' या नावाने ओळखली गेली. 2012 पासून ब्रिटनमध्ये याच धर्तीवर राष्ट्रीय पातळीवर काम चालतं. बाईची संमती असेल तर तिची माहिती नाव उघड न करता पोलिसांपर्यंत पोचवली जाते. याशिवाय अनेकजणी नवं गिऱ्हाईक घेण्याआधी त्याचं खरं नाव मागतात, किंवा तो आधी जिच्याकडे गेला होता तिला विचारून घेतात.

अमेरिकेत 'क्रेगलिस्ट' या छोट्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर 2002 ते 2010 दरम्यान देहविक्रयाच्या जाहिरातींचा विभाग होता. तो सुरू झालेल्या शहरांत स्त्रियांच्या हत्या 10 ते 17 टक्क्यांनी घटल्या, असं काही अर्थतज्ज्ञांनी मांडलं. या आकड्यावर वाद आहे. पण त्यांनी दिलेलं कारण पटण्यासारखं आहे: रस्त्यावर गाडीत बसायचं की नाही हे क्षणात ठरवावं लागतं, इंटरनेटवर चौकशीला वेळ मिळतो.

एप्रिल 2018 मध्ये अमेरिकी सरकारने अशाच जाहिरातींचं 'बॅकपेज' हे संकेतस्थळ बंद केलं आणि लैंगिक तस्करीविरोधी नवा कायदा आला. 'द इरॉटिक रिव्ह्यू'ने अमेरिकेतल्या वाचकांना प्रवेश बंद केला. तस्करी रोखायलाच हवी, यात शंका नाही. पण कायद्याच्या धास्तीने गिऱ्हाइकांची पारख करण्याची साधनंही आक्रसली, आणि ती पारख स्वेच्छेने काम करणाऱ्या स्त्रियांइतकीच फसवून आणलेल्या मुलींभोवतीच्या धोकादायक माणसांचा माग काढायलाही उपयोगी पडली असती.