पिआत्सा देल काम्पो

पिआत्सा देल काम्पो : इटलीच्या तोस्काना प्रांतातील सिएना शहराचा मुख्य चौक. हा चौक चौकोनी नाही आणि सपाटही नाही. शिंपल्यासारखा पसरलेला त्याचा विटांचा उतार खाली नगरसभेच्या प्रासादापाशी येऊन थांबतो. सिएना तीन टेकड्यांवर वसले असून त्या जिथे एकत्र येतात त्या खोलगट जागी हा चौक आहे. तीन वस्त्यांपैकी कोणा एकीची नसलेली ही मोकळी जागा पूर्वी बाजारासाठी वापरली जाई.

चौकाला आजचे रूप आले ते ‘नवांच्या मंडळा’च्या राजवटीत (१२८७–१३५५). नऊ नागरिकांचे हे मंडळ दर दोन महिन्यांनी बदलत असे. मुदत संपेपर्यंत सदस्यांनी प्रासादातच राहायचे, असा दंडक होता. चौकाकडे तोंड करणाऱ्या घरांच्या खिडक्यांना लहान खांब असावेत आणि पुढे सज्जे काढू नयेत, असा नियम १२९७ मध्ये झाला. काम्पोच्या सौंदर्याचे श्रेय कोणा एका वास्तुविशारदाला देता येत नाही. ते नगराने घातलेल्या आणि पाळलेल्या नियमांचे आहे. वक्र दर्शनी भागाचा सान्सेदोनी प्रासाद पाहिला की हे विशेष पटते : खासगी घराण्याची ही वास्तूही चौकाच्या वळणाबरोबर वळली आहे.

नगरसभेच्या प्रासादाचे (पालात्सो पुब्लिको) बांधकाम त्याच सुमारास सुरू झाले. खालचा मजला दगडाचा, वरचे विटांचे. दर्शनी भिंत किंचित आत वळलेली. आतील दालनात आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्ती याने १३३८–३९ मध्ये चांगल्या व वाईट राज्यकारभाराची भित्तिचित्रे रंगवली. चांगल्या कारभारातील शहरात लोक नाचतात, दुकाने चालतात, गवंडी भिंत रचताना दिसतात. नऊ जण याच दालनात बसून कारभार पाहत. प्रासादालगतचा तोर्रे देल मांज्या हा सुमारे ८७ मी. उंचीचा मनोरा १३३८ ते १३४८ या काळात उभा राहिला. तो उताराच्या तळाशी असल्याने टेकड्यांवरील घरांच्या वर डोके काढण्यासाठी एवढी उंची गरजेचीच होती.

फरसबंदी १३४९ मध्ये पूर्ण झाली. आदल्याच वर्षी प्लेगने शहर निम्मे रिकामे केले होते, हे लक्षात घेतले की या कामाचे मोल कळते. विटा कडेवर उभ्या करून तिरप्या ओळींत बसवल्या आहेत. त्रावेर्तीन दगडाच्या फिकट पट्ट्या त्यांचे नऊ भाग पाडतात. ही संख्या नवांच्या मंडळाची खूण मानली जाते. पावसाचे पाणी या उतारावरून तळाशी असलेल्या मोठ्या गटारमुखाकडे जाते. प्लेगमधून वाचलेल्यांनी नवस फेडण्यासाठी मनोऱ्याच्या पायथ्याशी संगमरवरी प्रार्थनामंडप बांधला.

चौकाच्या वरच्या बाजूस फोन्ते गाया हे कारंजे आहे. सिएनाला नदी नाही. त्यामुळे पाण्यासाठी शहराने जमिनीखाली सुमारे २५ किमी. लांबीचे बोगदे खोदले, आणि चौदाव्या शतकाच्या मध्यास त्यांतून पाणी चौकात आले. उत्खननात मिळालेली व्हीनसची प्राचीन मूर्ती तेव्हा येथे बसवली होती. पुढे शहरावरील संकटांचा दोष तिच्यावर ठेवून नागरिकांनी ती फोडली, असे शिल्पकार गिबेर्ती याने लिहून ठेवले आहे. याकोपो देल्ला क्वेर्चा याने पंधराव्या शतकाच्या आरंभी कारंज्यासाठी कोरलेली शिल्पे हवेने झिजली. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या जागी प्रतिकृती बसवल्या. मूळ शिल्पे सांता मारिया देल्ला स्काला या शहरातील जुन्या रुग्णालयाच्या संग्रहालयात आहेत.

सिएनाने १५५५ मध्ये स्वातंत्र्य गमावले आणि शहराची वाढ खुंटली. जुने पाडून नवे उभारण्याइतका पैसा नंतर उरला नाही, त्यामुळे चौदाव्या शतकातील रचना बरीचशी शाबूत राहिली. युनेस्कोने १९९५ मध्ये शहराच्या ऐतिहासिक भागाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला.

दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्ट रोजी येथे पालिओ ही घोडशर्यत होते. शहरातील १७ मोहल्ल्यांपैकी (कोंत्रादा) १० उतरतात. चौकाच्या कडेने माती पसरून धावपट्टी तयार करतात आणि खोगिराविना घोड्यांवर बसून स्वार तीन फेऱ्या मारतात. सान मार्तिनोच्या उतरत्या वळणावर घोडे बाहेर फेकले जातात, म्हणून तिथल्या भिंतीला गाद्या लावलेल्या असतात. स्वार पडला तरी त्याचा घोडा पहिला आला, तर विजय त्या मोहल्ल्याचाच धरतात.