टाळीच्या आधीची फुस्स

सीडीवरची गाणी संगणकावर उतरवायला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला: एमपी3 किती केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला किती हजार बिटांची? 128, 192 की 320? आकडा मोठा तितका आवाज चांगला, हे ढोबळमानाने खरंच. पण कुठल्या गाण्याला किती पुरेल, ते गाण्यातल्या आवाजांवर ठरतं.

सीडीवर आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने असतात, प्रत्येक 16 बिटांचा, डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार करा: सेकंदाला 14 लाख 11 हजार 200 बिट. चार मिनिटांचं गाणं साधारण 42 एमबी. 128 केबीपीएसच्या एमपी3मध्ये तेच चार एमबीच्या आत मावतं. मग बाकीचं गेलं कुठे?

कानाच्या उणिवेत. मिक्सर सुरू असताना शेजारचा काय बोलतो ते कळत नाही. तसाच मोठा सूर आपल्या जवळपासच्या कंप्रतेचे बारीक आवाज झाकून टाकतो. एन्कोडर, म्हणजे एमपी3 बनवणारा प्रोग्राम, ध्वनीचे 576 कंप्रता-पट्टे पाडतो आणि झाकल्या जाणाऱ्या पट्ट्यांचे आकडे ढोबळ करतो. त्यातून खरखर निर्माण होते, पण ती त्या मोठ्या सुराखालीच दडते.

खरी गंमत पुढे आहे. हे पट्टे पाडायला एन्कोडर एका वेळी सुमारे 26 मिलिसेकंदांचा तुकडा घेतो. समजा तुकडाभर शांतता आहे आणि अगदी शेवटी टाळी वाजली. खरखर मात्र सगळ्या तुकड्यावर पसरते. मोठ्या आवाजानंतर कान शंभरेक मिलिसेकंद बधिर असतो, त्यामुळे टाळीनंतरची खरखर खपून जाते. आधीची मात्र कान जेमतेम काही मिलिसेकंदच खपवून घेतो. मग टाळीच्या आधी बारीकशी ‘फुस्स’ ऐकू येते. हाच प्री-इको. त्यावर उपाय म्हणून एन्कोडर अशा जागी तुकडे एक तृतीयांश करतो. पण काळ बारीक मोजला की कंप्रता धूसर होते, झाकपाकीचा हिशेब बिघडतो आणि बिट जास्त लागतात.

म्हणून ठोक्यांच्या गाण्याला जास्त बिट, संथ आलापीला कमी. व्हीबीआर, म्हणजे गरजेप्रमाणे बिट कमी-जास्त करणारा पर्याय, हेच करतं. मी तेच निवडतो, फोनपुरतं. मूळ प्रत फ्लॅक या फाइल-प्रकारात: आकार साधारण निम्म्यावर येतो, आणि एकही बिट हरवत नाही.

‘128ची फाइल 320 करून आवाज सुधारा’ म्हणणारे निव्वळ थापा मारतात. फेकलेलं परत येत नाही. फाइल तेवढी फुगते, वर दुसऱ्यांदा ढोबळ केल्याची नवी खरखर.

खात्री करायची असेल तर कॅस्टनेट्सचा (चिपळ्यांसारखं वाद्य) तुकडा 64 केबीपीएसला उतरवा, हेडफोन लावा आणि ठोक्याकडे नव्हे, ठोक्याच्या आधी कान द्या.