चाचेगिरी, कोकण किनाऱ्यावरील

समुद्रात जहाजे अडवून लुटण्याचा व्यवसाय. खाड्या, चिंचोळी मुखे व पाण्याखालचे खडक यांमुळे उथळ बुडाच्या गलबतांना येथे आसरा मिळे. खोल बुडाची जहाजे पाठलाग करीत आत शिरू शकत नसत. आगोटीपासून (पावसाळ्याच्या तोंडापासून) नारळी पौर्णिमेपर्यंत हा धंदाही व्यापाराबरोबर बंद राही.

सर्वांत जुने उल्लेख ग्रीक-लॅटिन ग्रंथांतले आहेत. ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत (सु. इ. स. पहिले शतक) सेमिल्लाच्या दक्षिणेकडील बंदरे व बेटे सांगून तेथे चाचे असल्याचे म्हटले आहे. सेमिल्ला म्हणजे चौल, हे बहुतेकांना मान्य आहे. त्यांतील मेलिझिगरा हे बंदर मात्र कोणी जयगड, तर कोणी राजापूर मानतात. त्यात आलेली सेसेक्रिएनाई ही बेटे वेंगुर्ल्यासमोरचे खडक असावेत. रोमन लेखक प्लिनी चाच्यांचे ठाणे नित्रियास येथे सांगतो. ते कर्नाटकातील नेत्रावती नदीच्या मुखाशी किंवा नेत्राणी बेटावर असल्यास कोकणच्या बाहेर पडते. ग्रीक भूगोलकार टॉलेमीने (दुसरे शतक) ‘चाच्यांचे आरियाके’ या नावाच्या किनारपट्टीत मंदगरापासून नित्रापर्यंतची ठिकाणे धरली आहेत. त्यामुळे हा पट्टा दक्षिण कोकणापासून कर्नाटकापर्यंत पसरलेला होता, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

ठाण्याच्या राजाचा चाच्यांशी करार होता, लुटीतील घोडे राजाचे व बाकीचा माल त्यांचा, असे मार्को पोलो (तेरावे शतक) लिहितो.

सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी कार्ताझ या परवान्याशिवाय फिरणारी जहाजे पकडण्यास सुरुवात केली. मराठ्यांचे सरखेल (आरमारप्रमुख) कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांनी हीच रीत दस्तक या आपल्या परवान्याच्या रूपाने चालवली. दस्तक नसलेले जहाज ते जप्त करीत. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना चाचा म्हटले आहे. परंतु १७१३ च्या तहाने छत्रपती शाहूंनी त्यांचे सरखेलपद मान्य केलेले असल्याने ते विशेषण येथे ग्राह्य धरलेले नाही.  उलट मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे ‘गंज-इ-सवाई’ हे मोगल जहाज १६९५ मध्ये लुटले ते हेन्री एव्हरी या इंग्रजानेच.

आंग्र्यांच्या आरमारात गुराबा (शिडांची मोठी लढाऊ जहाजे) व गलबते असत. वारा पडला की वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीला नेत. तेथे मोठ्या जहाजाच्या तोफा फारशा चालत नसत. खांदेरीवरील (१७१८) व पोर्तुगीजांसह कुलाब्यावरील (१७२१) इंग्रजांच्या मोहिमा फसल्या.

पुढे पेशव्यांचे कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्याशी बिनसले. पेशवे व इंग्रज एकत्र आले. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग व फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला. तेथे तुळाजीचे आरमार जळाले. १८१२ च्या तहांनी कोल्हापूरकरांनी मालवण व सावंतवाडीकरांनी वेंगुर्ले इंग्रजांना दिले.